शेकोटीच्या काळ्या विटा

विठ्ठल भुवड तेवीस वर्षं कुवेतमध्ये रंगकाम करत होता. माणूस गुहागरकडचा. गावी भाताची चार खाचरं, चिऱ्याचं घर, घरात बायको सीताबाई. एकुलती मुलगी लग्न होऊन चिपळूणला गेलेली. इथे जलीबमध्ये एका खोलीत सहा जण, आणि त्यांत खिडकीजवळची खाट त्याची, कारण सगळ्यांत जुना तोच.

कंपनीत त्याचं नाव दोन गोष्टींसाठी होतं. त्याच्या हातचा रंग कधी ओघळायचा नाही, ही एक. आणि डबा उघडायच्या आधी तो फार चौकशा करायचा, ही दुसरी. पहिलीमुळे त्याला चांगल्या घरांत पाठवत, दुसरीमुळे सुपरवायझर अनुप त्याच्यावर वैतागत असे.

ही चौकशीची खोड त्याला फहाहीलमध्ये लागली. बारा वर्षांपूर्वी तिथल्या एका घरात मुकादमाने दाखवलेली दगडी भिंत त्याने दोन हात मारून पांढरीशुभ्र केली होती. घरमालक परदेशातून परतला आणि भिंत बघून मटकन खालीच बसला. तो दगड त्याने हौसेने बाहेरून मागवलेला. मग विठ्ठल तारेचा ब्रश आणि रसायनाचा डबा घेऊन अकरा दिवस त्या भिंतीपुढे उकिडवा बसला. वरचा रंग निघाला, पण दगडाच्या छिद्रांत शिरलेला काही केल्या निघेना. शेवटी भिंत धड ना पांढरी राहिली, ना दगडाची. मुकादम नामानिराळा झाला. चूक विठ्ठलची नव्हती, पण ती भिंत त्याच्या डोळ्यांसमोरून बरेच दिवस गेली नाही. तेव्हापासून लाकूड, दगड नाहीतर वीट रंगवायची म्हटली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मालक कोण? त्याला ठाऊक हाय काय?"

नोव्हेंबर लागला, उन्हाचा कडाका उतरला, आणि एका सोमवारी सकाळी कंपनीच्या व्हॅनने त्याला सलवातल्या एका दुमजली घरापाशी सोडलं. व्हॅन चालवणारा कमाल दाभोळचा. दोघांच्या गावांमध्ये काय ती एक खाडी आडवी, त्यामुळे दोघांचं चांगलं जमायचं.

"विठोबा, घर मराठी माणसांचं आहे. चहाची तरी सोय झाली तुझी," डबे उतरवून देताना कमाल म्हणाला.

घर कुवेती बाईचं होतं, पण खालचा मजला पुण्याच्या हर्डीकरांनी भाड्याने घेतला होता. निखिल हर्डीकर तेल कंपनीत. तो पहाटे निघायचा आणि दिवेलागणीला परतायचा. घर लावायचं काम त्याची बायको अबोली बघत होती. तिने सगळं सामान खोल्यांच्या मधोमध ओढून त्यावर चादरी टाकल्या होत्या आणि केस वर बांधून ती स्वतःच पुसापुशी करत होती. तिने एकेक खोली दाखवली, कुठे कुठला रंग ते सांगितलं आणि शेवटी त्याला हॉलमध्ये आणलं.

हॉल ऐसपैस होता. पूर्वी ती घरच्या पुरुषांची बैठकीची जागा होती, इथे तिला दिवानिया म्हणतात. समोरच्या भिंतीत विटांची शेकोटी बांधलेली. लाल विटांची, रुंद तोंडाची, वर अर्धगोल कमान, आणि तिथून विटा पार छतापर्यंत गेलेल्या. कुवेतमध्ये जानेवारीत अशी थंडी पडते की दात वाजतात, पण इतकी मोठी शेकोटी विठ्ठलने तिथे क्वचितच पाहिली होती. डाव्या अंगाच्या विटा मात्र काळ्या पडलेल्या होत्या. कमानीपासून खांद्याच्या उंचीपर्यंत काळा पट्टा, जणू कुणी तव्याचं बूड घासलंय.

"भिंती ऑफ-व्हाइट, काका. आणि ही फायरप्लेस पूर्ण पांढरी," अबोली म्हणाली.

"ही पण?"

"ही तर आधी. रोज समोर बसलं की वीटभट्टीत राहायला आल्यासारखं वाटतं. आणि ते काळं बघवत नाही. किती घासलं मी, ढिम्म हलत नाही."

सोफ्यावरच्या चादरीवर बसून तिची अकरा वर्षांची मुलगी तेजस्वी काहीतरी वाचत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बट आय लाइक इट रेड, आई."

"तुझ्या खोलीला तुला हवा तो रंग दिलाय ना? मग झालं."

विठ्ठल शेकोटीपुढे उकिडवा बसला. बोटांच्या पेरांनी त्याने चार-पाच विटा वाजवून बघितल्या. दोन विटांमधल्या दरजेत नख फिरवलं, काळ्या विटेवरून बोट ओढलं आणि बोटाचा वास घेतला. लाकडाच्या धुराचा वास त्याला ओळखू आला असता. हा तसा नव्हता.

"विटा अव्वल आहेत, ताई," तो म्हणाला. "सगळ्या एकसारख्या भाजलेल्या. आणि ही कमान बघा, एकेक वीट तासून बसवलीय. हल्ली एवढा वेळ कोण देतो?"

"म्हणजे तुम्ही नको म्हणताय?"

"मी नको म्हणत नाय. भिंतीचं काय, आज हा रंग नाही आवडला, उद्या दुसरा मारू. पण विटेत रंग मुरला की मुरला. परत वीट बघायची म्हटलं तर मिळायची नाय. मालकाला विचारलंत काय?"

वरच्या मजल्यावर उम सालेम राहते, असं अबोलीने सांगितलं. उम सालेम म्हणजे सालेमची आई. इथे बाईला थोरल्या मुलाच्या नावानेच हाक मारायची रीत आहे. घर तिच्याच नावावर होतं. सध्या तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती मुलीकडे गेली होती. बुधवारी यायची होती. "पण एजंट म्हणाला ना, भिंतींना हवा तो रंग लावा म्हणून."

"ही भिंत नाय, ताई."

अबोलीने कंपनीत फोन लावला. दहा मिनिटांत अनुपचा फोन विठ्ठलला आला. "काका, पुन्हा सुरू झालं का तुमचं? कस्टमर सांगतेय ना रंगवा म्हणून? गुरुवारी घर द्यायचंय मला."

"घर देतो की. शेकोटी तेवढी बुधवारी विचारून."

"आणि म्हातारी नाही म्हणाली तर?"

"तर तुमचाच रंग वाचला," विठ्ठल म्हणाला, आणि फोन ठेवून भिंतींच्या पुट्टीला लागला.

ते दोन दिवस त्याने खोल्या उरकल्या. अबोली सकाळ-दुपार चहा द्यायची आणि चहासोबत मोबाइलवर शेकोट्यांचे फोटो दाखवायची. पांढऱ्या, करड्या, गडद निळ्या. आधी ती रागावली होती, पण राग फार टिकणारी बाई नव्हती. तिच्याही मनात आता चलबिचल सुरू झाली होती.

"न रंगवता नुसतं ते काळं काढता येईल का?"

"सोडा आणि साबण लावून घासलं तर अर्धं निघेल. सावली राहील."

"आणि पातळ रंग? म्हणजे खालची वीट थोडी दिसेल असा?"

"चुन्याचा हात देता येतो. दिसतोही छान. पण काळं चुन्यातून वर येईल. आज नाही, वर्षाने येईल."

अबोलीने कप खाली ठेवला. "तुमचं घर असतं तर तुम्ही काय केलं असतं, काका?"

"उघडी ठेवली असती," विठ्ठल पटकन बोलून गेला. आणि बोलल्यावर त्याला त्याचं घर आठवलं.

गावचं ते घर त्याने चौदा वर्षांपूर्वी बांधलं होतं. चांगल्या खाणीचा जांभा चिरा, समोरची भिंत बिनगिलाव्याची, दरजा सिमेंटने रेखून घेतलेल्या. रत्नागिरीकडे आता हॉटेलवाले मुद्दाम तशी भिंत ठेवतात. खोलीतल्या माणसांना त्या घराचा फोटो त्याने इतक्यांदा दाखवला होता की फोन हातात घेतला की ते म्हणत, "बघितलंय, बघितलंय." सीताबाईला मात्र ती भिंत कधी मनाला आली नाही. पावसात चिऱ्याला शेवाळ धरतं, उन्हाळ्यात लाल भुकटी गळते, दरजांतून मुंग्या येतात, ओट्यावर वाळत घातलेले कपडे लाल होतात. गिलावा करून रंग काढू या, असं ती दर वर्षी म्हणायची, आणि तो दर वर्षी म्हणायचा, मी येईन तेव्हा बघू. तो दोन वर्षांतून एकदा दीड महिना यायचा. तेवढ्यात भिंतीचं कुठलं होतंय?

मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो व्हॅनमध्ये बसून भाकरी खात असताना तिचा फोन आला. मुलीचं डोहाळजेवण पुढच्या महिन्यात घरीच करायचं ठरलं होतं.

"अहो, चिपळूणची माणसं येतील घरी," सीताबाई म्हणाली. "पुढची भिंत कशी दिसते ती..."

"चांगली दिसते. लोक पैसे मोजून तशी करून घेतात गो."

"त्या लोकांच्या ओट्यावर केर कोण काढतं?"

"मी येतो तेव्हा बघू."

सीताबाई काहीतरी सांगायला लागली आणि मधेच थांबली. मग ती "बरं" म्हणाली आणि भात कापून झाला, मळणी कुठवर आली, असल्या गोष्टींवर आली. शेजारी बसलेल्या कमालने सगळं ऐकलं होतं. तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "आमची बायको, फखरुन्निसा, तिच्या जागी असती ना, तर फोनच ठेवला असता तिने." विठ्ठलने भाकरीचा डबा बंद केला.

बुधवारी अकराच्या सुमारास उम सालेम आली. मुलीने गाडीतून उतरवलं, मोलकरणीने हात धरला, आणि वर जायच्या आधी ती सरळ खालच्या मजल्यावर आली, कारण अबोलीने तिला निरोप पाठवून ठेवला होता. अठ्ठ्याहत्तरीची बाई, बुटकी, काळा अबाया, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. विठ्ठल स्टुलावरून खाली उतरला आणि हात पुसत उभा राहिला.

"सलाम, मामा," तो म्हणाला. इथे कामाची माणसं घरच्या मालकिणीला मामा म्हणतात. पहिल्या वर्षी हा शब्द त्याच्या तोंडात बसेना. बाईमाणसाला मामा काय म्हणायचं! आता काही वाटत नसे.

"किधर का तू?" म्हातारीने विचारलं.

विठ्ठल दचकला. ती चक्क मुंबईची हिंदी होती. "रत्नागिरी, मामा. मुंबई के नीचे."

"मालूम है मुझे रत्नागिरी. हमारे घर में आम आता था उधर से."

तिचे वडील मोत्यांचे आणि खजुराचे व्यापारी होते आणि ती नऊ वर्षांची होईपर्यंत मुंबईला, महंमद अली रोडवर वाढली होती. साठ-सत्तर वर्षं झाली तरी भाषा राहिली होती. वापरायला माणूस भेटला की ती बाहेर काढायची. पुढचं सगळं बोलणं त्या हिंदीतच झालं.

"माझ्या विजारीचं काय करताय तुम्ही?" तिने विचारलं.

अबोली आणि विठ्ठल एकमेकांकडे बघायला लागले. मग म्हातारीने शेकोटीकडे बोट केलं तेव्हा उलगडा झाला. जुनी कुवेती माणसं शेकोटीला विजार म्हणतात. अबोलीला हसू आवरेना, पण तिने तोंडावर हात धरला.

विठ्ठलने रीतसर सांगितलं. वीट चांगली आहे. रंग लावला तर तो कायमचा. बाईंना पांढरी हवी आहे. घर तुमचं, म्हणून काम थांबवून ठेवलंय.

उम सालेम खुर्चीवर बसली. मग हातातल्या काठीने डाव्या बाजूचा काळा पट्टा दाखवला. "हे कशाने झालं, माहीत आहे?"

"लाकडाचा धूर नाही एवढं कळलं," विठ्ठल म्हणाला.

"कपड्यांचा आहे. आणि फोटोंचा."

तिने सांगितलं ते असं. नव्वद साली ऑगस्टमध्ये इराकी सैन्य शहरात शिरलं. तिचा नवरा पोलिसात अधिकारी होता. सैनिक घरोघर फिरून पोलीस आणि लष्करातली माणसं शोधत होते. घरात गणवेश, ओळखपत्रं, बिल्ले, कागद, जे काही होतं ते जाळायचं ठरलं. पण ऑगस्टच्या उन्हात धुराड्यातून धूर निघताना दिसला असता तर शेजारच्या गल्लीतले सैनिक दारात आले असते. म्हणून नवऱ्याने धुराडं वरून ओली गोणपाटं कोंबून बंद केलं आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या. सगळा धूर घरात आला. मुलं मागच्या खोलीत ओले टॉवेल नाकाशी धरून बसली होती. गणवेश लोकरीचा, तो नीट पेटेना, नुसता धुमसत राहिला. आणि तिच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात गेले, कारण प्रत्येक फोटोत नवरा गणवेशात होता.

"एकसुद्धा नाही ठेवला?" अबोलीने हळूच विचारलं.

"एक ठेवायचा होता मला. फाडून, माझा अर्धा तरी. तो म्हणाला, फाडलेला फोटो बघून जास्त विचारतील. खरं होतं त्याचं."

नवऱ्याला त्यांनी तरीही पकडलं. सात महिन्यांनी तो बसऱ्याहून परत आला, वजन अर्धं होऊन. त्यानंतर अठरा वर्षं जगला, आणि नंतर कधी त्याने ती शेकोटी पेटवू दिली नाही.

अबोलीचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "नको मग. नको रंगवायला. आंटी, मला माहीत नव्हतं हो. राहू दे ती तशीच. आम्ही जपू."

उम सालेमने चष्मा काढला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "का?"

"म्हणजे... एवढी मोठी आठवण आहे ती."

"तुला गोष्ट आवडली, म्हणून आता डागही आवडला," म्हातारी म्हणाली. रागाने नव्हे, साधंच बोलली. "घर परत लावलं तेव्हाच मी नवऱ्याला म्हटलं, हे झाकून टाक. तो म्हणाला, मुलांना दिसू दे. तो गेल्यावर मुलांना म्हटलं. मुलं म्हणाली, बाबांची निशाणी आहे. नातवंडं शाळेतून येऊन फोटो काढून नेतात. सगळ्यांना ती हवी आहे, आणि समोर बसायचं मी एकटीने. म्हणून तर खालचा मजला भाड्याने दिला आणि वर गेले. चौतीस वर्षांत कुणी मला विचारलं नाही, तुला काय हवं. आज पहिल्यांदा कुणी विचारायला थांबलंय."

असं काही ऐकायची विठ्ठलची तयारी नव्हती. मालकीणबाई रंगाला नाहीच म्हणेल, असं त्याने गृहीत धरलं होतं. किंबहुना तिने नाही म्हणावं अशी त्याची मनातून इच्छाच होती.

"नुसतं घासून काढलं तर?" तिने त्याला विचारलं.

"अर्धं निघेल, मामा."

"अर्धं नको. चुना लावला तर?"

"काळं वर येईल. साधा रंग लावला तरी दोन उन्हाळ्यांत पिवळं फुटेल. खाली तेलातला प्रायमर द्यावा लागेल, डाग धरून ठेवणारा. दोन हात. मग नाही दिसणार."

"कधीच नाही?"

"मी मारलेला असेल तर नाही."

"तर मग मार."

"पण कमान चांगली आहे, मामा," त्याच्या तोंडून निघूनच गेलं.

"कमान चांगलीच आहे. रंगाखाली ती कुठे पळून जातेय?" ती उठली. अबोलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "झाकायचं की नाही ते मी ठरवलं. रंग कुठला ते तू ठरव. राहायचं तुला आहे."

त्या दुपारी विठ्ठल शेकोटी घासायला बसला. तारेचा ब्रश नाही, काथ्याचा. म्हणजे विटेचा पापुद्रा निघत नाही. सोड्याच्या पाण्याने आधी वरचा मऊ काळेपणा काढला. बादलीतलं पाणी तीनदा बदललं, तीनही वेळा ते शाईसारखं झालं. फुटलेल्या दरजा भरल्या. एका दरजेतून पितळेचं एक छोटं बटण निघालं, उष्णतेने वाकडं झालेलं. ते त्याने धुऊन, पुसून वर मोलकरणीच्या हातात दिलं. ती परत येऊन म्हणाली, मामाने घेतलं आणि खणात टाकलं.

गुरुवारी विटा वाळायला सोडून तो उरलेली दारं करत होता. दुपारी त्याने स्वतः गावी फोन लावला. एरवी या वेळी तो कधी फोन करत नसे, म्हणून सीताबाई घाबरली.

"काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. भिंतीचं बोलायचं होतं."

"कसल्या भिंतीचं?"

"पुढच्या. तुला गिलावा करायचा तर कर. मी येईपर्यंत थांबू नको."

सीताबाई अडखळत म्हणाली, "अहो, एक सांगू का? रागावणार नाही ना?"

"सांग."

"गिलावा करून पंधरा दिवस झाले. मंगळवारी तेच सांगायला फोन केला होता. तुम्ही 'बघू' म्हणालात, मग राहिलं सांगायचं."

विठ्ठल दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. चौदा वर्षांच्या भिंतीचं त्याला वाईट वाटलं, आणि ते खोटं नव्हतं. तो चिरा त्याने खाणीवर जाऊन स्वतः निवडून आणला होता. पण त्या भिंतीपुढे एकूण आपण किती दिवस बसलो, याचा त्याने मनातल्या मनात अंदाज केला आणि मग तो विषय त्याने सोडून दिला.

"कोणी केला गिलावा?"

"वरच्या वाडीतल्या गवंड्याने."

"पाणी नीट मारलं काय? की तसाच सोडला?"

"मीच मारलं. आठ दिवस, दोन वेळा."

"आता महिनाभर रंग लावू नको. ओल जाऊ दे. डोहाळजेवणाला प्रायमरवरच राहू दे. रंग कुठला घेतलास?"

"घेतला नाही. म्हटलं, एवढं तरी तुम्हाला विचारावं."

"तुझा तू ठरव," तो म्हणाला. मग राहवेना म्हणून पुढे म्हणाला, "गडद नको घेऊ. पावसाच्या बाजूला उडतो."

"आकाशी म्हणत होते मी."

"चालेल."

शुक्रवार सुट्टीचा. अनुपने कुरकुरत मुदत वाढवून दिली होती, म्हणून शनिवारी विठ्ठल परत आला. प्रायमरचा पहिला हात गुरुवारी संध्याकाळी, विटा वाळल्यावर, देऊन ठेवला होता, आता दुसरा हात दिला आणि तो वाळल्यावर रंगाला सुरुवात केली. अबोलीने शेवटी पांढरा न घेता दुधात किंचित चहा पडावा तसा रंग निवडला होता. तेजस्वीने तिच्या परीने निषेध नोंदवून झाल्यावर वरच्या ओळीतल्या दोन विटा स्वतः रंगवून बघितल्या.

रंगाचा दुसरा हात अर्ध्यावर आला असताना सालेम आला. पन्नाशीचा माणूस, अंगात पांढरा पायघोळ दिशदाशा, हातात गाडीची किल्ली. आईला भेटायला आला होता, खालचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावला. शेकोटी बघून तो जागीच थबकला.

"किसने बोला?" त्याने विचारलं.

"मामाने बोला," विठ्ठल म्हणाला आणि ब्रश डब्यावर आडवा ठेवून उभा राहिला.

सालेमचा आवाज चढला. तू कंपनीला फोन कर, काम बंद कर, हे कुणाला विचारून केलं, असं तो अरबीत आणि हिंदीत एकदम बोलत होता. अबोली आतून धावत आली. तेवढ्यात जिन्यावरून म्हातारीची हाक आली. पुढचं मायलेकांचं बोलणं अरबीत झालं, भराभर. विठ्ठलला त्यातलं अर्धंमुर्धं कळलं. मुलगा म्हणाला, बाबांची निशाणी होती. आई म्हणाली, बाबांची निशाणी तू आहेस, रोज आंघोळ करतोस म्हणून पुसला जातोस काय? मग ती बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली. त्यातला एकच शब्द विठ्ठलला पुन्हा पुन्हा ऐकू आला, फोटो.

सालेम खाली आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. तो शेकोटीजवळ गेला आणि डाव्या अंगाला, जिथे काळा पट्टा होता तिथे, त्याने बोट टेकवलं. बोटाला ओला रंग लागला.

"खाली ते आहे अजून?" त्याने विचारलं.

"आहे, साहेब. अंदर है. दिखेगा नहीं."

त्याने खिशातून टिशू काढून बोट पुसलं. "इथे बोट उठलंय," तो म्हणाला.

"हो. आत्ता सारखं करतो."

विठ्ठलने ती जागा ब्रशने एकसारखी केली. सालेम ते होईपर्यंत थांबला, मग वर आईकडे गेला. तासाभराने वरून मोलकरीण वेलचीची कॉफी आणि खजूर घेऊन आली, दोघांपुरती, त्यातली एक अबोलीला.

त्या हिवाळ्यात उम सालेम आठवड्यातून एकदा खाली यायला लागली, असं कमालकडून विठ्ठलला कळलं. हर्डीकरांच्या घरी फर्निचर पोचवायला तोच गेला होता. ती अबोलीशी हिंदीत गप्पा मारते, मुंबईत काय काय खाल्लं ते सांगते, आणि तेजस्वीला तिची हिंदी फार विनोदी वाटते. शेकोटी पेटवायची का, असं निखिलने एकदा विचारलं तेव्हा म्हातारी म्हणाली, पेटवा, पण धुराडं आधी उघडून बघा. त्यांनी माणूस बोलावून धुराडं साफ करून घेतलं आणि जानेवारीत पेटवली.

दीड वर्षाने स्वयंपाकघराचं छत ओल येऊन फुगलं म्हणून विठ्ठलला पुन्हा त्या घरी पाठवलं. काम सुरू करायच्या आधी तो हॉलमध्ये गेला आणि खिडकीचा पडदा सारून त्याने डाव्या अंगाच्या विटा उजेडात बघितल्या. दरजांच्या कडेने बघितलं, कमानीच्या खालून बघितलं. कुठेही पिवळं फुटलं नव्हतं. कमानीच्या तोंडाशी आतल्या बाजूला आचेने रंगाचा एक टवका उडाला होता, नखाएवढा. तिथे साधा रंग चालणार नव्हता, आच सोसणारा हवा होता. त्याने अनुपला फोन करून तसा लहान डबा पाठवायला सांगितलं आणि शिडी उचलून स्वयंपाकघरात गेला.